इंदुरात स्वीट पी: वेल सात फूट, कळी एक नाही

ओटल्यावरची_वेल | २१ सप्टेंबर

नमस्कार. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. तळमजला, पुढे ओटला आणि ओटल्याला लागून पूर्वेच्या बाजूला तीन फूट रुंदीची मातीची पट्टी. या पट्टीत गेले तीन हिवाळे मी स्वीट पी लावतेय आणि अजून एकदाही मनासारखी फुलं मिळालेली नाहीत.

पहिल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर लगेच बी टोचलं. पुढे आठ दिवस पाऊस लागून राहिला, बी जागच्या जागी कुजलं. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंनी विलायतेहून पाकिटं आणली होती. दसऱ्यानंतर लावली, सगळी उगवली आणि वेल सात फूट गेला, हिरवागार. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, कळीचा पत्ता नाही. पहिली कळी १४ मार्चला दिसली आणि त्याच आठवड्यात ऊन असं चढलं की वेल खालून वाळत गेला. तिसऱ्या वर्षी इथल्याच नर्सरीतलं मिश्र रंगांचं बी घेतलं. अर्धं खारींनी उकरून खाल्लं. उरलेल्या वेलांना जानेवारीत कळ्या आल्या आणि मोहरीएवढ्या असतानाच पिवळ्या पडून गळाल्या.

एवढा अट्टहास कशासाठी ते सांगते. माझं आजोळ महूचं. आजीच्या विहिरीशेजारी दर हिवाळ्यात सुतळीच्या जाळीवर स्वीट पी असायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती प्रत्येकीच्या हातावर तिळगुळाबरोबर स्वीट पीचे दोन-तीन दांडे ठेवायची. गुलाबी, जांभळा, पांढरा. माजघरभर तो वास असायचा. आता हळदीकुंकू माझ्या घरी होतं आणि निदान रथसप्तमीपर्यंत तरी मला ती फुलं हवी आहेत. इंदुरात कुणाला साधलंय का? कृपया अगदी बारीकसारीक सांगा.

---

जाई_जुई | २१ सप्टेंबर

अगदी हेच विचारायचं होतं. आम्ही विजय नगरला चौथ्या मजल्यावर राहतो, कुंडीत होईल का? धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

बडोदेकर | २२ सप्टेंबर

मी बडोद्याला दोनदा करून सोडून दिलं. आमच्याकडे थंडी जेमतेम दोन महिने. फुलं आली, पण तीन आठवड्यांत खेळ संपला. त्यापेक्षा गोकर्ण लावा. वेल तोच, शेंग तीच, कूळ तेच, आणि एकदा लावला की वर्षानुवर्षं राहतो. देवाला वाहता येतो. परक्या मुलखातल्या फुलासाठी इतका जीव का टाकायचा?

---

ओटल्यावरची_वेल | २२ सप्टेंबर

गोकर्ण आहे हो माझ्याकडे, निळा आणि पांढरा दोन्ही, आणि रोज देवाला वाहते. पण गोकर्णाला वास नाही. मला आजीच्या माजघरातला वास हवाय.

---

काळी_माती | २२ सप्टेंबर

ताई, दुसऱ्या वर्षीच्या पाकिटावर 'स्पेन्सर' असा शब्द होता का? असेल तर तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

मी सुदामा नगरात वीसेक हिवाळे स्वीट पी करतोय. पहिली चार-पाच वर्षं माझंही तुमच्यासारखंच झालं. पाणी, खत, माती, सगळं बदलून पाहिलं. मग कळलं की हा वेल दिवसाची लांबी मोजतो. स्पेन्सर गटातल्या जातींना कळी धरायला साधारण १२ तासांचा दिवस लागतो. आपल्या इंदुरात २१ डिसेंबरला दिवस असतो पावणेअकरा तासांचा. ११ तास व्हायला जानेवारीचा शेवट उजाडतो, साडेअकरा व्हायला २० फेब्रुवारी, आणि १२ तास पुरे होतात मार्चच्या मध्याला. तुमची पहिली कळी १४ मार्चला आली म्हणालात ना? वेलाने हिशेब अगदी बरोबर केला होता. फक्त तोवर आपल्याकडे उन्हाळा दारात येतो.

हे फूल मूळचं सिसिली आणि दक्षिण इटलीकडचं. १६९९ मध्ये सिसिलीतल्या फ्रान्चेस्को कुपानी नावाच्या संन्याशाने याचं बी इंग्लंडला पाठवलं, तिथून ते जगभर गेलं. तिकडे शरदातल्या पावसावर बी रुजतं, हिवाळाभर रोप अंग धरतं, वसंतात फुलतं आणि कडक उन्हाळ्यात बी टाकून मरतं. म्हणजे थंडीनंतर ऊन ही चाल त्याच्या ओळखीची आहे. अडचण एवढीच की तिकडे एप्रिलमध्ये दिवस १३ तासांचा होतो आणि हवा तरीही गार असते. आपल्याकडे गार हवा आणि मोठा दिवस एकत्र येतच नाहीत.

म्हणून आपल्यासाठी गट निवडायचा तो हिवाळी. पाकिटावर 'विंटर एलिगन्स' किंवा 'मॅमथ' असं लिहिलेलं असतं. त्यांना १० तासांच्या आसपासचा दिवसही पुरतो, म्हणजे आपल्या डिसेंबरातही त्या कळी धरतात. मधला एक गट आहे, 'कथबर्टसन', 'रॉयल' वगैरे, त्यांना साधारण ११ तास लागतात. ते फेब्रुवारीत येतील. हळदीकुंकवाला हवं असेल तर हिवाळीच घ्या. नुसतं 'मिश्र रंग' लिहिलेल्या पाकिटात कोणता गट आहे ते कळायला मार्ग नसतो.

बाकीचं उद्या लिहितो. आज नळाचा दिवस आहे, पाणी भरायचंय.

---

ओटल्यावरची_वेल | २२ सप्टेंबर

काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. रिकामं पाकीट मी डायरीत जपून ठेवलं होतं. आत्ता काढून पाहिलं. स्पेन्सरच आहे.

---

काळी_माती | २३ सप्टेंबर

आता पेरणी. घाई करू नका. पाऊस पुरता उघडल्याशिवाय आणि ऑक्टोबरचं ऊन जरा मऊ झाल्याशिवाय जमिनीत बी नको. मी ५ ते १५ ऑक्टोबरच्या मधे लावतो, तेही पट्टीत नाही. कागदाच्या उंच पेल्यात एकेक बी, आणि पेले पूर्वेच्या व्हरांड्यात सावलीला. वर बारीक जाळीचा डबा उपडा. खारी, उंदीर, बुलबुल सगळ्यांवर तो एकच उपाय आहे.

बी रात्रभर पाण्यात घाला. सकाळी जी टम्म फुगलेली असतील ती पेरा. जी तशीच कडक राहिली असतील त्यांचं टरफल नेलकटरने किंचित कापा, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, आतला पांढरा भाग दिसेल एवढंच. मग पुन्हा भिजत घाला. भिजवून ठेवलेलं बी दुसऱ्या दिवसावर टाकू नका, पाण्यात गुदमरतं. आठ ते पंधरा दिवसांत कोंब येतो. बटल्यासारखीच, म्हणजे मटारासारखीच, याची डाळ जमिनीतच राहते, वर नुसता कोंब येतो, म्हणून डाळिंब्या दिसल्या नाहीत तर घाबरू नका.

मुळं खोल जातात. जाई_जुई, कुंडीत होतं, पण कुंडी किमान १२ इंच खोल हवी, १५ असेल तर उत्तम. पसरट कुंडी नको.

आधार हा फार महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. याचे ताणे नाजूक असतात, जाड बांबूला विळखा घालू शकत नाहीत. मी बांबूची चौकट करून तिच्यावर सुतळी ताणतो, चार-चार इंचांवर. गावाकडून तुराट्या मिळाल्या तर त्याहून चांगलं काही नाही, त्यांच्या बारीक फांद्यांवर वेल आपोआप चढत जातो.

---

शेतावरून | २३ सप्टेंबर

तुराट्या मी देतो ताई. सांवेरजवळ शेत आहे, अधूनमधून इंदूरला येणं होतं. एक विचारायचं होतं. शेंगवर्गी आहे ना, मग सोयाबीनच्या वावरातली दोन टोपल्या माती घातली तर मुळांवर गाठी लवकर धरतील का? आमच्याकडे ती माती भरपूर.

---

पर्णरेखा | २४ सप्टेंबर

कल्पना योग्य आहे, वावर बदला. गाठी करणारे जिवाणू सगळ्या शेंगवर्गी पिकांना सारखे चालत नाहीत. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. स्वीट पीला लागतो तोच जिवाणू मटार आणि मसुराच्या मुळांवर गाठी करतो. तेव्हा गेल्या रब्बीत जिथे बटला किंवा मसूर होता त्या तुकड्यातली माती आणा. दोन टोपल्यांची गरज नाही, दोन मुठी पुरतील.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलांना दरवर्षी गाठ कापून दाखवते. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

---

शेतावरून | २४ सप्टेंबर

हे माहीत नव्हतं. मसुराचा तुकडा आहे वरच्या बांधाला. आणतो.

---

ओटल्यावरची_वेल | २५ सप्टेंबर

पट्टीतली माती अस्सल काळी आहे. पावसात चिखल, उन्हात बोटभर भेगा. तीच वापरू का? घरचं कंपोस्ट आहे, भाजीची देठं आणि पाचोळ्याचं.

---

काळी_माती | २५ सप्टेंबर

काळी माती सोडू नका, ओलावा धरायला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि ती किंचित अल्कधर्मी असते तेही या वेलाला मानवतं. फक्त मुळाशी पाणी साचता कामा नये. दीड फूट खोल चर काढा, एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग नर्मदेची जाडसर रेती. चर आत्ताच भरून ठेवा, म्हणजे लागवडीपर्यंत माती बसेल.

कंपोस्टचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण आपल्या शहरातल्या बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं. जगभर ज्याला कंपोस्टची 'इंदूर पद्धत' म्हणतात ती याच गावात तयार झाली. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आजचं कृषी महाविद्यालय आहे तिथे. अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे प्रमुख होते. त्यांच्या बरोबरीने हे काम करणारे आणि त्यावरच्या १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड, एक मराठी माणूस. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. पद्धत साधी आहे. पाचोळा आणि काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती, थोडी लाकडाची राख. असे थर, अंगचा ओलावा टिकवायचा, तीनदा वरखाली करायचं, तीन महिन्यांत खत तयार. मी गोठ्याच्या मातीऐवजी जुन्या कुंड्यांतली माती घालतो. बाकी सगळं तेच.

युरिया अजिबात नको. नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात आणि कळ्या गळतात.

---

ग्वाल्हेरची_थंडी | २६ सप्टेंबर

कळी गळण्याबद्दल माझा अनुभव. आमच्याकडे जानेवारीत धुकं आठ-आठ दिवस हटत नाही. त्या दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळतातच. ऊन कमी, आणि आपण पाणी नेहमीएवढंच घालत राहतो. मी आता ढगाळ दिवसांत पाणी निम्मं करते. ऊन आलं की पुढच्या कळ्या धरतात, वेल उपटू नका. मी एकदा उपटला होता. शेजारणीने ठेवला, तिला फेब्रुवारीत फुलं आली.

---

ओटल्यावरची_वेल | २६ सप्टेंबर

माझ्याही कळ्या मावठ्याच्या आठवड्यातच गळाल्या होत्या! आणि मी घाबरून रोज पाणी घालत होते.

---

जाई_जुई | २ ऑक्टोबर

एक काळजी वाटतेय. मुलगी अडीच वर्षांची आहे, बटल्याच्या शेंगा सोलून खायची तिला सवय. याच्या शेंगा तशाच दिसतात का? खाल्ल्या तर?

---

पर्णरेखा | २ ऑक्टोबर

बरं झालं विचारलंत. शेंगा तशाच दिसतात, फक्त जरा लवदार असतात. खायच्या नाहीत, बी तर अजिबात नाही. नावात 'पी' असलं तरी हा मटार नव्हे. हा तिवड्याच्या, म्हणजे खेसारीच्या वंशातला. विदर्भात तिवड्याला लाखोळी म्हणतात. आपल्या मध्य प्रदेशात रीवा भागात दुष्काळात महिनोनमहिने तिवडा खाऊन माणसं पायांनी अधू झाली, त्यातूनच १९६१ मध्ये खेसारीच्या विक्रीवर बंदी आली. स्वीट पीच्या बीमधलं विष त्याहून वेगळं आहे, ते हाडांवर आणि त्यांना जोडणाऱ्या ऊतींवर परिणाम करतं. एखादा दाणा तोंडात गेला म्हणून लगेच तसं होत नाही, ते पुष्कळ दिवस खाण्यातून होतं, पण लहान मुलाच्या बाबतीत आपण धोका घेऊ नये. गोकर्णाचा निळा चहा करतात तसा याच्या फुलांचाही करून बघावा असं कुणाच्या मनात आलं तर तेही नको.

तुमच्या घरी सोपा उपाय असा की फुलं रोज कापत राहा. शेंग धरूच देऊ नका. वेलालाही ते हवंच असतं, कारण शेंग भरली की तो फुलणं थांबवतो.

---

ओटल्यावरची_वेल | ११ ऑक्टोबर

हिवाळी गटाचं बी मागवलं, काल मिळालं. ४० दाणे. रात्री भिजवले, सकाळी २७ फुगले. १३ ची टरफलं कापली. शेतावरून दादांनी तुराट्यांची मोळी आणि डबाभर मसुराची माती आणून दिली, चहाही न घेता गेले. दादा, पुढच्या वेळी असं चालणार नाही.

---

ओटल्यावरची_वेल | २४ ऑक्टोबर

४० पैकी ३४ उगवली. एकही खारीने नेलं नाही. काका, शेंडा खुडायचा का? व्हिडिओंमध्ये सगळे खुडतात.

---

काळी_माती | २४ ऑक्टोबर

खुडा. पानांच्या तीन जोड्या झाल्या की वरचा शेंडा काढायचा, खालून दोन-तीन जोमदार फांद्या फुटतात.

---

ग्वाल्हेरची_थंडी | २५ ऑक्टोबर

काका, इथे मी जरा वेगळं सांगेन. आपला हंगाम आधीच छोटा, खुडलं की फुलं लांबतात. संक्रांत गाठायची असेल तर काही रोपं न खुडता ठेवा.

---

काळी_माती | २५ ऑक्टोबर

तुमचंही खरं आहे. मला फुलं मार्चपर्यंत हवी असतात म्हणून मी खुडतो. ताई, निम्मी निम्मी करून बघा आणि तारखा लिहून ठेवा. आम्हा सगळ्यांना उपयोग होईल.

---

ओटल्यावरची_वेल | १६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत रोपं पट्टीत हलवली, पेल्यासकट, मुळांना हात न लावता. दोघांत आठ इंच अंतर. मुळाशी सोयाबीनचा भुसा पसरलाय, एक दिवसाआड नळ येतो तरी माती ओली राहते. ताणे तुराटीला धरायला लागले. रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसते. काल एका ताण्याने सकाळी काडीला स्पर्श केला होता आणि संध्याकाळी त्याचे दोन वेढे पूर्ण झाले होते.

---

ओटल्यावरची_वेल | २९ डिसेंबर

कळी! न खुडलेल्या रोपावर. चार दांडे मोजले. आज रात्री पारा ८ च्या खाली जाईल म्हणतात. झाकू का?

---

ग्वाल्हेरची_थंडी | २९ डिसेंबर

झाकू नका. एवढी थंडी तो आरामात सोसतो, आमच्याकडे याहून खाली जातं. फक्त संध्याकाळी पाणी घालू नका.

---

ओटल्यावरची_वेल | ७ जानेवारी

पहिलं फूल, फिकट जांभळं. वास येतोय. घरात सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवलं.

---

ओटल्यावरची_वेल | १९ जानेवारी

मधे चार दिवस आभाळ होतं, काही कळ्या गळाल्या. पाणी निम्मं केलं आणि गप्प बसले. आता नव्या आल्या आहेत. तारखा: न खुडलेल्यांना पहिलं फूल ७ जानेवारीला, खुडलेल्यांना आज. बारा दिवसांचा फरक. पण खुडलेल्या रोपांवर दांडे दुपटीच्या जवळ आहेत आणि ते लांबही आहेत. पुढच्या वर्षी दोन्ही प्रकार ठेवणार.

संक्रांतीच्या दिवशी नऊच दांडे होते, ते देवाजवळ ठेवले. हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी करतेय.

---

जाई_जुई | २१ जानेवारी

कुंडीत माझीही आली! गुलाबी. मुलीला सांगितलंय की हे फुलपाखरांचं झाड आहे, तोडायचं काम फक्त आईचं. रोज सकाळी आठवण करून देते मला.

---

ओटल्यावरची_वेल | रथसप्तमी

काल हळदीकुंकू झालं. एकतीस जणी आल्या, प्रत्येकीला तीन दांडे दिले. सकाळी सहालाच कापून खोल बादलीत ठेवले होते, संध्याकाळपर्यंत एक पाकळी मलूल नव्हती. आई महूहून आली होती. दारातून आत आली, थांबली आणि म्हणाली, "आमच्या घरासारखा वास येतोय." मला पुढे काही बोलता आलं नाही.

काका, ग्वाल्हेरच्या ताई, पर्णरेखा, दादा, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे.

---

काळी_माती | रथसप्तमी

ताई, आज सकाळी माझ्या बागेतला पहिला दांडा देवाला वाहिला तेव्हा तुमच्या आजींची आठवण काढली. त्यांना कधी पाहिलं नाही, तरी काढली.

---

बडोदेकर | ९ फेब्रुवारी

सगळा धागा वाचून काढला. गोकर्ण लावा असं मीच म्हणालो होतो, आता पुन्हा प्रयत्न करावासा वाटतोय. माझं बीही मोठ्या दिवसाचंच असावं. ताई, बी धरणार आहात का? रंगांची सरमिसळ होऊ नये म्हणून वेगवेगळं झाकावं लागेल ना?

---

पर्णरेखा | ९ फेब्रुवारी

झाकायची गरज सहसा पडत नाही. या फुलात कळी उमलायच्या आधीच आतल्या आत परागण होतं, मटारासारखंच. त्यामुळे जांभळ्याचं बी जांभळंच निघतं. केंब्रिजला बेटसन आणि पुनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच फुलावर प्रयोग केले. संकर करायचा तर बंद कळी उघडून आतले पुंकेसर काढून हाताने पराग लावावे लागत. त्यात एकदा दोन पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला आणि सगळी संतती जांभळी निघाली! पुढच्या पिढीत जांभळी आणि पांढरी ९ ला ७ या प्रमाणात. दोन वेगवेगळे जनुक एकत्र आले तरच रंग येतो, हे त्यातून उलगडलं. वर्गात हे शिकवताना दरवर्षी फळ्यावर स्वीट पीचं चित्र काढते. यंदा ताईंनी दिलेला खरा दांडा नेला होता, वर्गात तो सगळ्यांच्या हातून फिरला.

बीसाठी प्रत्येक रंगाचा एक वेल राखा, त्याची फुलं कापू नका. बाकीच्यांची कापत राहा.

---

ओटल्यावरची_वेल | ८ मार्च

खालच्या पानांवर भुरी आलीय, पिठासारखी. गंधक मारू का?

---

काळी_माती | ८ मार्च

आता नको. ऊन वाढलंय, गंधकाने पानं भाजतील. रोगट पानं काढून टाका, शेंगा भरू द्या. हंगाम संपलाच आहे. वेल काढताना उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी मातीत राहू देत, त्याच जागी पावसाळ्यात दोडका लावा.

---

ओटल्यावरची_वेल | २९ मार्च

शेंगा तपकिरी झाल्या आहेत. दुपारी ओटल्यावर बसलं की तडकल्याचा आवाज येतो, साल पिळवटून बी चार-पाच फुटांवर उडतं. म्हणून आता सकाळीच तोडून कागदी पिशवीत ठेवते. एक शेंग सोडून द्यायचं ठरवलंय, पट्टीच्या टोकाची, तिचं काय होतं ते बघायला.

आतापर्यंत २१० दाणे झाले. जांभळा, गुलाबी, पांढरा वेगवेगळे. दहा-दहाची पाकिटं करून कडुनिंबाच्या पाल्याबरोबर डब्यात ठेवतेय. बडोदेकर, जाई_जुई, दादा, तुमची नावं डब्यावर लिहिली आहेत. अजून कुणाला हवी असतील त्यांनी ऑगस्टपर्यंत निरोप करावा.

---

शेतावरून | २९ मार्च

ताई, मला पांढरा. बांधावर मसुराशेजारीच लावतो. रविवारी येईन, आणि या वेळी चहा घेऊनच जाईन.